सलूनमधलं आडवं झाड

भाची मोजपट्टी दार ढकलून आत आली तेव्हा मावशी स्टुलावर चढलेली होती. एका हातात केस कापायची कात्री होती आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत, गिऱ्हाइकाची बट धरावी तसा, तिने कुंडीतल्या झाडाचा शेंडा धरला होता.

"मावशी, थांब!"

मोजपट्टीचा आवाज इतका चिरका निघाला की पहिल्या खुर्चीतला पोस्टमन दचकला. त्याचा एक गाल गुळगुळीत झाला होता, दुसऱ्यावर अजून फेस होता. दाढी अर्धी टाकून मावशी झाडाकडे वळली होती, कारण आरशात बघता बघता तिच्या लक्षात आलं होतं की झाडाचं डोकं छताला टेकलंय.

"अगं, ओरडतेस काय? जरा टोकं छाटते. छाटलं की जोमाने वाढेल."

"केस छाटले तर वाढतात. हे मरेल!"

"केस का वाढतात आणि हे का मरेल?"

"केस मुळाकडून वाढतात. हे शेंड्याकडून वाढतं. त्या एकाच ठिकाणाहून. तू आत्ता जी सुरळी धरली आहेस ना, तिच्या पोटात याची पुढची सगळी पानं आहेत. ती कापलीस की खाली उरेल ती नुसती काठी."

मावशीने कात्री पाठीमागे लपवली, जणू झाडाला ती दिसू नये. मग हळूच सुरळी सोडली.

मोजपट्टी ही मावशीच्या बहिणीची मुलगी. लहानपणी वाढदिवसाच्या केकचे तुकडे पट्टी लावून कापायची, म्हणून घरात पडलेलं हे नाव. ती वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती, नोकरी शोधत होती आणि तोवर मावशीच्या सलूनमध्ये फोन घेणं, वेळा देणं, टॉवेल वाळत घालणं अशी कामं करत होती. कॉलेजचं शेवटचं वर्ष तिने याच जातकुळीच्या सडपातळ पामांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात घालवलं होतं. त्यामुळे कोपऱ्यातल्या या झाडाकडे ती नातेवाईक असल्यासारखी बघायची.

झाड होतंही बघण्यासारखं. खोड अंगठ्याएवढं जाड, बांबूसारखं हिरवं, पेरापेराचं. वर मोजून सात-आठ पानं, पिसांसारखी. एवढ्याशा खोडावर ते छतापर्यंत गेलं कसं, असं प्रत्येक नवीन गिऱ्हाईक विचारायचं. आणि मोजपट्टी प्रत्येकाला, विचारलं त्याहून जरा जास्तच, सांगायची.

"उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात तळाशी राहतं हे. वर मोठमोठी झाडं. शंभरातला एखाद-दुसरा किरण खाली पोचतो. तेवढ्यात भागवायचं, म्हणून अंगावर काही चढू देत नाही. म्हणूनच ही झाडं दातांच्या दवाखान्यात, बँकेत, लिफ्टशेजारी जगतात. अंधाराची सवय आहे त्यांना."

"म्हणजे माझं सलून अंधारं आहे?" मावशी विचारायची.

"अंधारं, दमट आणि उबदार. वाफेचं यंत्र चालू असतं, बेसिनमधून पाणी उडत असतं, जमिनीवर सारखा केसांचा पाचोळा पडलेला असतो. त्याला वाटत असेल आपण जंगलातच आहोत."

हे मात्र मावशीला आवडलं होतं. तेव्हापासून केस झाडताना ती "पाचोळा काढते हं" असं झाडाला सांगायची.

पण आता छताचं काय करायचं? नवी सुरळी छताला घासून वाकली होती. ती उघडली नाही तर कुजेल, आणि ती कुजली तर झाड संपलं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, सुतार. त्यांचं दुकान गल्लीच्या टोकाला. त्यांना बोलावलं, तर त्यांनी मान वर करून छत बघितलं, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "सोपं आहे. वरच्या फळ्यांना भोक पाडू. जाऊ दे त्याला वर."

"वर शिकवणीच्या बाई राहतात," मावशी म्हणाली.

"त्यांच्या वर्गात डोकं काढेल. जरा शिकेल."

"अहो, काहीतरीच काय!"

"मग कुंडीच्या खाली जमिनीला भोक पाडू."

शिकवणीच्या बाईंना विचारण्याची वेळच आली नाही. गल्लीत काकांचा आवाज कुणाला चोरून ऐकावा लागत नाही. वरच्या खिडकीतून बाईंनी ऐकवलं, "माझ्या जमिनीला हात लावलात तर तुमचे पाढे घेईन!"

तेव्हा मोजपट्टीने आपला बेत मांडला. खोडावर उंचावर, एका पेराभोवती, ओलं शेवाळ बांधायचं. काही महिन्यांत तिथे मुळं फुटतील. मग मुळांच्या खाली कापायचं आणि वरचं झाड नव्या कुंडीत लावायचं. झाड तेच, फक्त बुटकं. तिने हे पुस्तकात वाचलं होतं, चित्रासकट.

"छान!" मावशी म्हणाली. "आणि खालचा भाग?"

"तो मरेल."

 मावशीने खाली वाकून खोडाच्या बुंध्याजवळ बोट ठेवलं. तिथे एका पेरावर लालभडक नेलपॉलिशचा पट्टा होता. त्याच्या वर थोड्या अंतरावर गुलाबी. मग तपकिरी, मग चंदेरी, मग कुणाच्याही नखांवर बघवणार नाही असा हिरवा. सलून उघडलं त्या दिवशी हे झाड आलं होतं, आणि दरवर्षी त्या तारखेला मावशी सगळ्यात नव्या पेरावर त्या वर्षी खपलेला रंग लावायची. मोजपट्टीला ते पट्टे लहानपणापासून माहीत होते. पण कापताना ते कुठल्या बाजूला राहतील याचा विचार तिने केला नव्हता.

"हा लाल लावला तेव्हा दुकानात खुर्चीसुद्धा नव्हती," मावशी म्हणाली. "घरची खुर्ची आणली होती. नाही गं. वरचं ठेवायला खालचं टाकायचं, हे मला जमणार नाही. सगळं ठेवता येत असेल तर सांग."

"सगळंच्या सगळं?"

"एवढी शिकलीस ना!"

मोजपट्टी दुपारभर काउंटरवर बसून राहिली. तिने दोन गिऱ्हाइकांना एकच वेळ दिली आणि तिसऱ्याला रविवारी बोलावलं, जेव्हा दुकान बंद असतं. तिच्या डोक्यात जंगलाचा तळ चालू होता. एवढं सडपातळ झाड, वरून सतत काहीतरी पडत असणार. वाळलेल्या फांद्या, अख्खी झाडं. असल्या खोडावर फांदी पडली की ते कोसळणारच. मग सगळी जात संपून कशी जात नाही?

ती ताडकन उठली. खुर्ची मागे पडली.

"ती पडतात!"

"कोण पडलं?" बेसिनवर डोकं टेकवलेल्या नर्सबाईंनी विचारलं. त्या केस धुवायला आल्या होत्या.

"झाडं! फांदी पडते, झाड आडवं होतं आणि मरत नाही. जमिनीला लागलेल्या पेरांतून मुळं फुटतात, आणि शेंडा पुन्हा वर वळतो. उठून बसतं! मावशी, कापायचंच नाही. आडवं करायचं. आरशांच्या खाली, भिंतीच्या कडेने, लांबलचक पेटीत. तुझे सगळे पट्टे तसेच राहतील."

"आडवं झाड?" मावशीने झाडाकडे बघितलं, मग भिंतीकडे. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गिऱ्हाइकं दमली नाहीत पण झाड दमलं," नर्सबाई म्हणाल्या.

मावशी हसली. मग हसू आवरून भाचीकडे वळली. "तू हे कधी केलंयस?"

मोजपट्टीला खोटं बोलता यायचं नाही. "नाही. बघितलंही नाही. वाचलंय."

"आणि खोड मोडलं तर?"

"तर संपलं."

"हे बघ. झाड गेलं तर तुझ्याशी बोलणार नाही, असं मी म्हणणार नाही. बोलेन. पण प्रत्येक वेळी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून बोलेन."

 त्यापेक्षा मावशी रागावली असती तर परवडलं असतं, असं मोजपट्टीला वाटलं.

काकांनी पेटी बनवली. जाड फळ्यांची, आतून पत्रा ठोकलेली, पाणी निघायला तळाला भोकं असलेली. एका टोकाला मुळांचा गड्डा बसेल एवढा खोल खण, तिथून पुढे उथळ. मोजपट्टीने झाडाची लांबी मोजली, भिंत मोजली, खुर्च्यांमधलं अंतर मोजलं, मातीत भुसा आणि रेती किती हेही मोजलं. पेटी भिंतीशी बसवली, तेव्हा केसभराचीही चूक नव्हती. खोल खण झाडाच्या कोपऱ्यात, उथळ टोक दाराकडे. झाडाने फक्त दाराच्या दिशेने लवंडायचं होतं.

नेमका त्या दिवशी पोस्टमन दाढीला आला होता आणि नर्सबाई केसांना रंग लावून, वर फॉईल गुंडाळून बसल्या होत्या. काकांनी हातोडीच्या एका ठोक्यात कुंडी फोडली. मुळांचा गड्डा कुंडीच्याच आकाराचा, तसाच उभा राहिला.

"आता सगळ्यांनी मिळून तिरका करायचा," काका म्हणाले. त्यांनी जरासा कलवला, आणि वरून चर्रकन आवाज आला.

"थांबा!" मोजपट्टी किंचाळली. शेंडा छतात घुसत होता. गड्डा कडेवर उभा राहिला की झाड आणखी उंच होत होतं.  लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि मधली तिरकी रेघच विसरली!

"अगं, कपाट आडवं करताना असंच होतं," काका म्हणाले. "मला वाटलं, तू धरलं असशील हिशेबात."

"शिडी!" पोस्टमन म्हणाला. त्याच्या दोन्ही गालांना फेस होता. "शिडी काढताना आपण पाय ओढतो ना बाहेर? डोकं भिंतीवरून आपोआप खाली येतं."

खरंच की. गड्डा जागच्या जागी कलवायचा नाही, जमिनीवरून पुढे सरकवायचा. पण फरशी खरखरीत, आणि गड्डा जड. मावशीने क्षणभर विचार केला, कपाटातून शाम्पूचा मोठा डबा काढला आणि फरशीवर ओतला.

"मावशी!"

"सफरचंदाच्या वासाचा आहे. कुणी घेत नव्हतं."

मग जे झालं त्याला काम म्हणायचं की खेळ, हे कुणालाच ठरवता आलं नाही. काका गड्डा ओढत होते, मोजपट्टी स्टुलावर चढून खोड मधोमध धरून उतरवत होती, नर्सबाईंनी डोक्यावर फॉईल खुळखुळवत शेंडा दोन्ही हातांत घेतला होता, बाळ उचलावं तसा. पोस्टमन काकांना ढकलायला गेला आणि शाम्पूवरून बसल्या बसल्या थेट दारापर्यंत गेला. दार उघडलं. बाहेर शिकवणीच्या बाई उभ्या होत्या, खालून येणाऱ्या आवाजांचा जाब विचारायला.

"काय चाललंय?"

"झाड झोपवतोय," पोस्टमन खालूनच म्हणाला.

बाईंनी चष्मा सारखा केला. चपला बाहेर काढल्या, पदर खोचला आणि आत येऊन, कुणी न सांगता, खोडाचा मोकळा राहिलेला भाग धरला. "मान सांभाळा त्याची! मान!" असं त्याच सगळ्यांना सांगायला लागल्या.

सळसळत, घसरत, सफरचंदाचा वास सोडत झाड खाली आलं. मोडलं नाही. मोजपट्टी स्टुलावरून उतरली, तिला हुंदका आणि हसू एकदमच येत होतं. आणि मग तिला दिसलं.

पाय बाहेर ओढला होता. त्यामुळे मुळांचा गड्डा आता दारापाशी होता आणि शेंडा कोपऱ्यात. पेटीचा खोल खण मात्र कोपऱ्यात होता आणि उथळ टोक दारापाशी.

 काकांनी पेटीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, मग भाचीकडे.

"मोजपट्टे," ते अगदी प्रेमाने म्हणाले, "तू सगळं मोजलंस. फक्त डोकं कुठे आणि पाय कुठे, एवढं राहिलं."

आधी नर्सबाईंना हसू फुटलं. मग मावशीला. पोस्टमन तर खालीच बसला होता, तो तिथेच लोळला. बाईंनी "हसू नका, झाड हलेल!" असं दरडावलं आणि स्वतःच हसल्या. मग दोघादोघांनी झाड तोलून धरलं, बाकीच्यांनी मातीने भरलेली पेटी शाम्पूवरून गर्रकन फिरवली. पेटी नाचल्यासारखी फिरली. गड्डा खणात बसला, खोड मातीवर टेकलं आणि सगळे पट्टे एका ओळीत आरशांखाली आले. पानांचा तुरा कोपऱ्यातल्या तिसऱ्या खुर्चीवर पसरला. त्या खुर्चीसमोर जुना आरसा होता, भोवती दिवे असलेला. खुर्ची हलवली की पानं मातीत पडत, म्हणून ती तशीच राहू दिली.

तेवढ्यात मावशीने घड्याळ बघितलं. "सिस्टर, तुमचा रंग!"

नर्सबाईंचे केस ठरल्यापेक्षा बरेच तांबडे झाले. पण त्या म्हणाल्या, वॉर्डातल्या पेशंटना बदल हवाच होता.

आणि मग सुरू झालं वाट बघणं.

मोजपट्टी रोज सकाळी दुकान उघडलं की कंपासमधला कोनमापक घ्यायची, गुडघ्यांवर बसून तो भिंतीला समांतर धरायची आणि शेंडा जमिनीपासून किती उचलला ते बघायची. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. आठवड्यानेही शून्य. खालचं एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. तिला माहीत होतं, हलवाहलवी झाल्यावर जुनी पानं जातातच. पण माहीत असणं आणि बघवणं यात फरक असतो.

गिऱ्हाइकांना मात्र चेव चढला होता. जो तो येऊन झाडाची चौकशी करायचा. पोस्टमन पत्रं वाटता वाटता दारातून डोकं घालायचा, "उठलं का?" मावशी बोटाने खूण करायची, "झोपलंय. हळू बोला." शिकवणीच्या बाई वरून मुलांना रांगेने आणून दाखवून गेल्या. एका मुलीने विचारलं, "याला बरं नाहीये का?" त्यावर मोजपट्टी टॉवेल घेऊन मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मावशी काहीच बोलत नव्हती. नव्हती म्हणजे, खूप बोलत होती, सगळ्यांशी, सगळ्या विषयांवर. फक्त झाडाशी बोलत नव्हती. केस झाडताना ती आता मुकाट्याने झाडायची. हे मोजपट्टीला पिवळ्या पानांपेक्षा जास्त खुपायचं.

एकदा तिने कंगव्याच्या शेपटीने पेराजवळची माती जराशी उकरली. मुळं दिसतात का बघायला.

चट्कन हातावर चापट बसली. "रोज उठून उकरशील तर कोण रुजेल? मुलाचं पांघरूण दर तासाला काढून बघतात का, झोपलाय की नाही म्हणून?"

"पण मावशी, शून्य आहे. रोज शून्य. मी चुकले. पुस्तकातलं जंगल वेगळं आणि..." 

मावशी तिच्या शेजारी खाली बसली. बसताना गुडघे कुरकुरले. "अगं, मी पहिल्यांदा कात्री धरली तेव्हा तुझ्या आईचे केस कापले होते. एक बाजू कानापर्यंत, एक खांद्यापर्यंत. महिनाभर ती मान वाकडी करून हिंडत होती. सरळ दिसावं म्हणून."

"मग?"

"मग काय? तिची मान दुखायला लागली. आणि मी शिकले." मावशीने पिवळं पान हळूच खुडलं. "कोपऱ्याकडे बघून बोलेन म्हणाले होते ना मी? ते मागे घेते. झाड राहो, जावो. तुझ्याकडेच बघून बोलेन."

मोजपट्टीने नाक पुसलं. तिने कोनमापक पिशवीत टाकला आणि त्यानंतर मोजणं सोडून दिलं.

पुढे एका सकाळी मावशी नेहमीसारखी आरसे पुसत होती. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्या आरशाचे दिवे लावून तिने फडकं वर नेलं आणि हात मध्येच थांबला.

"अगं ए! इकडे ये! हे बघ, हे माझ्याकडे काय बघतंय?"

मोजपट्टी धावत आली. आरशात, दिव्यांच्या मधोमध, एक हिरवीगार सुरळी होती. टवटवीत, टोकदार, नवी. ती खुर्चीच्या पाठीला वळसा घालून थेट आरशाकडे वळली होती.

मोजपट्टी वाकली, बाजूने बघितलं, वरून बघितलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. शेंडा केव्हापासून वळत होता! फक्त आधी वर नाही, बाजूला. दुकानातला सगळ्यात झगझगीत उजेड त्या दिव्यांचा, झाडाने आधी तो गाठला होता. आणि ती रोज कोनमापक भिंतीला समांतर धरून बसली होती. भिंतीकडे वळणाऱ्या झाडाचा कोन त्यात शून्यच दिसणार! आता कुठे सुरळीचं टोक वरही उचललं गेलं होतं, हनुवटी उचलावी तसं.

"वळलंय! मावशी, वळलंय! उठतंय!"

"दिसतंय मला. पण आरशात काय बघतंय?"

"दिवे. उजेड."

"छे गं. बघतंय स्वतःला. खुर्चीत बसलं की सगळे तेच करतात."

मोजपट्टीने पेराजवळची माती चिमूटभर बाजूला केली. या वेळी मावशीने चापट मारली नाही, उलट स्वतःच डोकं घातलं. पेराच्या पोटातून पांढरी, बुटकी, जाड टोकं बाहेर आली होती आणि सरळ मातीत घुसली होती. पुढच्या पेरालाही. त्याच्या पुढच्यालाही.

"बाळाचे दात आल्यासारखे," मावशी कुजबुजली, आणि मग तिने सरळ झाडाशीच बोलायला सुरुवात केली. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदमच निघालं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे केस गळतात, शाम्पूची कंपनी कशी फसवते, सगळं.

मोजपट्टी रस्त्यावर पळाली. एक चप्पल दारातच राहिली. काका रंधा घेऊनच धावत आले. पोस्टमनने पिशवी उंबऱ्यावर टाकली. शिकवणीच्या बाई वर्ग अर्धा टाकून उतरल्या, त्यांच्यामागे अख्खा वर्ग. ड्यूटी संपवून घरी निघालेल्या नर्सबाई तांबड्या केसांसकट गर्दीत घुसल्या. जो तो जुन्या आरशात वाकून बघू लागला, आणि आरशात एवढे चेहरे झाले की झाड दिसेना.

पोस्टमन सगळ्यांच्या पुढे, आरशाला नाक लावून. मावशीने त्याला कॉलर धरून मागे ओढलं, मग काकांना, मग बाईंना, मग मुलांना.

"सरका रे सगळे! त्याचा उजेड अडवताय!"